घरचा कॉम्प्युटर सारखा हँग होतोय, फॉरमॅट मारू का?

सांजवारा | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार. गेले दोन महिने घरचा कॉम्प्युटर इतका मंद झालाय की बटण दाबून मी हातातलं दुसरं काम उरकून येते. डेस्कटॉप दिसायला लागला तरी पुढची पंधरा मिनिटं काही करता येत नाही. फोल्डरवर क्लिक केलं की निळं वर्तुळ फिरत राहतं, खिडकीच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. मग अचानक मधल्या काळात केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि नको त्या फाइली उघडतात. माउसचा बाण मात्र पूर्ण वेळ नीट हलत असतो.

आठ वर्षांपूर्वी सुटे भाग घेऊन जोडलेला डेस्कटॉप आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, त्यातली अर्धी रिकामी.

आतापर्यंत टेम्पररी फाइली उडवल्या, न लागणारे तीन प्रोग्राम काढले, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रात्री लावून झोपले. सकाळी ते ११ टक्क्यांवर होतं.

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं, फॉरमॅट मारून टाक. पण याच मशीनवर आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत, बाबांनी टाइप केलेल्या आठवणी आहेत आणि पंधरा वर्षांचे फोटो. आई आता नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत नाही. काय करावं?

शून्यएक | शनिवार, रात्री ९.२५

फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि सरळ फॉरमॅट मारा. आठ वर्षांत विंडोजमध्ये बराच कचरा साठतो. माझा लॅपटॉप फॉरमॅटनंतर नव्यासारखा झाला होता.

अक्षरवेडा | शनिवार, रात्री ९.४०

८ जीबी रॅम आता अपुरी पडते. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की तीच संपते. १६ करा. शिवाय टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपचा टॅब बघा, सुरू होताना आपोआप चालणारे प्रोग्राम बंद करा.

तांब्याचीतार | शनिवार, रात्री १०.३०

सांजवाराताई, जरा थांबा. आज फॉरमॅट मारू नका, ते स्कॅन पुन्हा लावू नका आणि डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जुळवणं) तर मुळीच करू नका. कारण सांगतो.

कॉम्प्युटर मंद झाला म्हणजे बहुतेक वेळा तो हळू काम करत नसतो, तो वाट पाहत असतो. प्रोसेसर रॅमची, रॅम डिस्कची, एखादा प्रोग्राम नेटवरून येणाऱ्या उत्तराची. कोण कोणासाठी खोळंबलंय ते कळलं की अर्धं काम झालं. ते न बघता रॅम वाढवणं किंवा फॉरमॅट मारणं म्हणजे ताप न मोजता औषध देणं.

तुम्ही लक्षणं फार नेमकी लिहिली आहेत. एखाद्या खिडकीने ५ सेकंद कुठल्याच संदेशाला उत्तर दिलं नाही की विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग'चा शिक्का मारतं. तुमचे क्लिक हरवत नाहीत, रांगेत उभे राहतात, आणि प्रोग्राम जागा झाला की एकामागून एक पुरे होतात. बाण हलतोय म्हणजे मशीन मेलेलं नाही. प्रोग्राम कुठेतरी अडकून पडलाय. अशी अडकण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे हार्डडिस्क.

पण हा अंदाज झाला. आकडे बघू. मशीन मंद असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडायला वेळ लागेल, लागू द्या. 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन चार गोष्टी लिहून घ्या: सीपीयूचा टक्का, मेमरीचा टक्का, डिस्कचा 'अॅक्टिव्ह टाइम' आणि त्याच पानावर खाली दिसणारा 'अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम'. डिस्कचा वाचनाचा वेगही टिपा. (सीपीयू म्हणजे आपण ज्या डब्याला सीपीयू म्हणतो तो नाही, आतला प्रोसेसर.)

त्याआधी, मशीन आज जेवढं चालतंय तेवढ्यात बाबांच्या आठवणींची फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा. ती छोटी असेल, दोन मिनिटांत जाईल.

सांजवारा | रविवार, सकाळी ८.५०

बाबांची फाइल रात्रीच पाठवली. ती उघडायला सहा मिनिटं लागली, पण गेली.

आकडे असे: सीपीयू ६ टक्के. मेमरी ४१ टक्के. डिस्क १०० टक्के, खाली येतच नाही. वाचनाचा वेग ३०० ते ७०० केबी. रिस्पॉन्स टाइम बहुतेक वेळ २,८०० मिलिसेकंदांच्या आसपास, मध्येच ९,००० च्या वर गेला.

आणखी एक विचित्र गोष्ट. सीपीयूच्या पानावर 'अप टाइम' १९ दिवस दिसतोय. मी तर रोज रात्री मशीन बंद करते.

अक्षरवेडा | रविवार, सकाळी ९.१५

रॅमचा सल्ला मागे घेतो. ४१ टक्केच वापरात असेल तर १६ काय आणि ३२ काय, फरक पडणार नाही. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये सामान हलवायला लागतं, तेव्हा रॅमचा उपयोग होतो.

१९ दिवसांचं कारण मला माहीत आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण शटडाउन म्हणतो तेव्हा आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे जुना अडकलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) रोज तसाच पुढे येतो. 'रीस्टार्ट' केलं तरच खरी नवी सुरुवात होते. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होतं.

तांब्याचीतार | रविवार, सकाळी १०.०५

अक्षरवेडा, फास्ट स्टार्टअपचं नीट सांगितलंत. एरवी मी सगळ्यात आधी रीस्टार्टच करायला सांगितलं असतं, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. इथे मात्र नको. आजारी डिस्कवर प्रत्येक वेळी विंडोज चढवणं म्हणजे तिला उगाच पळायला लावणं.

आता आकड्यांकडे. १०० टक्के म्हणजे डिस्क वाईट, असं नाही. मोठी फाइल कॉपी करताना चांगली हार्डडिस्कही १०० टक्के दाखवते, पण तेव्हा वेग सेकंदाला शंभर-दीडशे एमबी असतो. ती कामात आहे. तुमची डिस्क १०० टक्के व्यग्र राहून एक एमबीसुद्धा देत नाहीये.

हार्डडिस्कच्या आत तबकडी फिरते आणि एक डोकं तिच्यावरचं वाचतं. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्यात डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-दहा मिलिसेकंद धरा. म्हणजे धडधाकट डिस्क १०-१५ मिलिसेकंदांत उत्तर देते. कामांची रांग लागली तर शंभर-दोनशे. २,८०० मिलिसेकंद म्हणजे या काळात तबकडी तीनशेहून जास्त वेळा फिरली आणि तरी डिस्कला ती जागा वाचता आली नाही. ती त्याच सेक्टरवर (तबकडीवरच्या छोट्या कप्प्यावर) पुन्हापुन्हा प्रयत्न करतेय. तोवर विंडोज थांबलंय, विंडोज थांबलंय म्हणून फोल्डरची खिडकी थांबलीय आणि खिडकी थांबलीय म्हणून तुम्ही.

रात्रभरात स्कॅन ११ टक्क्यांवर का अडकलं तेही यातच आलं. स्कॅन प्रत्येक फाइल वाचतं आणि खराब जागी आलं की तिथे रुतून बसतं.

म्हणून क्रम असा: आधी प्रत काढायची, मग तपासायचं, दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

दूरचादिवा | रविवार, सकाळी ११.३०

मी बरीच वर्षं मशीन दुरुस्त करतो. अशा वेळी विंडोजमधलं डिस्क तपासणारं 'चेकडिस्क' आर हा पर्याय देऊन चालवलं की ते खराब सेक्टर शोधून बाजूला टाकतं. पाच-सहा तास लागतील, पण मशीन पुन्हा वापरण्याजोगं होतं. मी अनेकदा केलंय.

तांब्याचीतार | रविवार, दुपारी १२.१०

दूरचादिवा, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून इथे विरोध करतो. आर पर्याय तबकडीचा कोपरा न् कोपरा वाचतो. मरायला टेकलेल्या डिस्ककडून हे करून घेणं म्हणजे तिचा उरलेला दम रिकामी जागा तपासण्यात घालवणं. इथे तर अर्धी डिस्क रिकामी आहे. दुसरं म्हणजे चेकडिस्कचं काम फाइल सिस्टम (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी) सुसंगत ठेवण्याचं आहे, तुमची फाइल वाचवण्याचं नाही. नोंदी तुटलेल्या दिसल्या तर ते त्या छाटून टाकतं. मशीन चालू होईल, पण एखादं रेकॉर्डिंग कायमचं जाईल. ज्या डिस्कवर काहीच मोलाचं नाही तिथे तुमचा उपाय करून बघायला माझी हरकत नाही.

दूरचादिवा | रविवार, दुपारी १२.४०

बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना बहुतेक वेळा फक्त मशीन चालू करून हवं असतं, त्या सवयीने लिहिलं. इथे डेटा आधी. मग मीही एक सुचवतो. प्रत विंडोजमधून काढू नका, कारण विंडोज स्वतःच त्या डिस्कवर सतत लिहीत-वाचत असतं. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स (विंडोजऐवजी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली) घ्या. लिनक्स मिंटची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर लिहा, मशीन त्यावरून सुरू करा, 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. हार्डडिस्क नुसत्या कपाटासारखी दिसेल, त्यातलं हवं ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असेल तर लिनक्स ते ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरतं उघडेल. आपल्याला तेवढंच हवंय, त्यावर काही लिहायचंच नाही.

लिनक्सची भीती वाटत असेल तर विंडोजमधला फाइली कॉपी करण्याचा 'रोबोकॉपी' हा आदेश वापरा, पण एक सांभाळा. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं. त्यामुळे आदेशात आर आणि डब्ल्यू या दोन्ही पर्यायांना १ ही किंमत द्यायचीच.

तांब्याचीतार | रविवार, दुपारी १.००

लिनक्सचा सल्ला उत्तम. ताई, सगळं फोल्डर एकदम ओढू नका. आधी जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते: रेकॉर्डिंग्ज. मग फोटो. सिनेमे, इन्स्टॉलर वगैरे सगळ्यात शेवटी किंवा राहू द्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा आणि तिचं नाव वहीत लिहा. तिच्याकडे नंतर वळू.

पाऊलखुणा | रविवार, दुपारी ३.२०

मध्येच विचारते, माफ करा. माझा लॅपटॉपही मंद आहे, पण त्यात डिस्क २ टक्केच दिसते. सुरुवातीला छान चालतो, वीस-पंचवीस मिनिटांनी व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो. सीपीयूच्या पानावर वेग ०.७९ गिगाहर्ट्झ दिसतो, एरवी तीनच्या पुढे असतो. पंख्याचा आवाज खूप येतो.

तांब्याचीतार | रविवार, दुपारी ४.००

पाऊलखुणा, मंदपणा तोच, कारण अगदी वेगळं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, तिच्याजवळ पोचलं की वेग कमी व्हायला लागतो. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम घालून बघा.

एक फरक ध्यानात ठेवा. चालू केल्या क्षणापासून ०.७९ असेल तर आधी चार्जर बघायचा. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही की वेग मुद्दाम खाली धरून ठेवतात, मग तो मूळ कंपनीचा चार्जर का असेना, पिन सैल झाली तरी असं होतं. तुमचा वीस मिनिटांनी पडतो म्हणजे उष्णताच. पंखा आणि त्यापुढची धातूची बारीक पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर बसतो. तो बाहेरून दिसत नाही, मागचं झाकण काढावं लागतं. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा भरभर फिरू दिला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकतात. आणि मऊ गादीवर लॅपटॉप ठेवत असाल तर खालची हवेची भोकं बंद होतात, ते आजपासून टाळा.

सांजवारा | सोमवार, रात्री १०.४५

लिनक्सवरून सुरू झालं. इतक्या महिन्यांनी या पडद्यावर काही पटकन उघडलं, बघून बरं वाटलं. म्हणजे मशीन ठीक आहे, डिस्कच खोळंबा करतेय, बरोबर ना?

काल दुपारपासून कॉपी चालू होती. रेकॉर्डिंग्ज आधी घेतली. एकूण २१२ जीबी बाहेर आलं. फोटो सगळे आले. रेकॉर्डिंग्जपैकी तीन फाइली अडकल्या, प्रत्येकीवर दहा मिनिटं थांबून मग 'इनपुट आउटपुट एरर' आला. नावं वहीत लिहिली आहेत. त्यातलं एक आईचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे.

शून्यएक | सोमवार, रात्री ११.००

पहिल्या दिवशी फॉरमॅट मारा म्हणालो होतो, ते लिहायला नको होतं. तीन फाइली परत मिळाव्यात असं मनापासून वाटतं.

तांब्याचीतार | सोमवार, रात्री ११.२०

फार चांगलं काम केलंत. तीन फाइलींची आशा सोडू नका, त्यासाठी वेगळी वाट आहे. मशीन आता बंद करा, चालू ठेवू नका.

उद्या फक्त पाच मिनिटांसाठी सुरू करून डिस्कची स्वतःची नोंदवही बघा. तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोजमध्ये 'क्रिस्टलडिस्कइन्फो' ती दाखवतं. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे द्या.

सांजवारा | मंगळवार, सकाळी ७.३०

वर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहून आलंय.
०५ समोर १९०
सी५ समोर ७०
सी६ समोर ७०
सी७ समोर ३०

तांब्याचीतार | मंगळवार, सकाळी ८.१०

हा प्रोग्राम तो रकाना सोळाच्या पटीतल्या मोजणीत दाखवतो, म्हणून आकडे दिसतात त्याहून मोठे आहेत. १९० म्हणजे आपले ४००, ७० म्हणजे ११२, ३० म्हणजे ४८.

०५ म्हणजे किती सेक्टर बाद होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर घातले गेले: ४००. सी५ म्हणजे डिस्कला वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे सेक्टर: ११२ (सी६ मध्येही न वाचता आलेल्या सेक्टरांचीच मोजणी असते). तुमच्या तीन फाइली बहुधा याच ११२ मध्ये अडकल्या आहेत. चांगल्या डिस्कवर हे दोन्ही आकडे शून्य असतात. ही डिस्क आता जाणार, तिच्यावर काही नवीन ठेवायचं नाही.

सी७ वेगळी गोष्ट सांगतं. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात डेटा किती वेळा बिघडला, ते. हा दोष तबकडीचा नसतो, बहुतेक वेळा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. तो आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे ४८ हे चार वर्षांपूर्वीचेही असतील. वाढतोय का, एवढंच बघायचं.

पुढे काय: साटाची (तुमच्या हार्डडिस्कसारख्याच केबलने जोडायची) एक एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे उत्तर यायला १०-१५ ऐवजी मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. जुनी डिस्क क्लोन करू नका, म्हणजे जशीच्या तशी उतरवू नका, खराब जागांवरचं तुटकं विंडोज तसंच नव्या डिस्कवर येईल. कोरं इन्स्टॉल करा. आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर घालायचंच तर ११ घाला. प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे?

सांजवारा | मंगळवार, सकाळी ८.२५

आय५, आठवी पिढी.

तांब्याचीतार | मंगळवार, सकाळी ८.३०

काठावर बसलात, पण बसलात. इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून अधिकृतपणे चालतं. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, ते तुमच्या मशीनमध्ये बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'पीटीटी' नावाने बंद पडलेलं असेल, ते चालू करा.

पाऊलखुणा | बुधवार, संध्याकाळी ६.५०

मागचं झाकण उघडलं. पंख्यापुढे धुळीची अख्खी गादी होती, चिमटीत धरून एका तुकड्यात बाहेर आली. आधी कॉल चालू असताना ९८ अंश दिसायचे, आता ७४. तासभर बोलले, वेग एकदाही पडला नाही. धन्यवाद. मी नवा लॅपटॉप घ्यायला निघाले होते.

सांजवारा | रविवार, रात्री ८.००

एसएसडी बसवली, विंडोज ११ घातलं. बटण दाबल्यापासून वीस सेकंदांत डेस्कटॉप. पण एक सांगायलाच हवं. दिवसातून एक-दोनदा सगळं अर्धा मिनिट गोठतं, मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू होतं. नव्या डिस्कवरही तेच बघून पोटात गोळा आला.

दूरचादिवा | रविवार, रात्री ८.३०

एसएसडी सदोष निघाली असेल. बदलून मागा.

तांब्याचीतार | रविवार, रात्री ९.१५

बदलून मागण्याआधी पाच मिनिटं द्या. नवी डिस्क बसवताना केबल तीच जुनी वापरली का?

'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्स'मध्ये 'सिस्टम', आणि १२९ क्रमांकाची नोंद शोधा. तिचा अर्थ असा की डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. गोठण्याच्या वेळा आणि त्या नोंदींच्या वेळा जुळतात का बघा. नव्या एसएसडीचं सी७ही बघा. नवी आहे, त्यामुळे तिथे शून्यच असायला हवं.

सांजवारा | रविवार, रात्री ९.५०

हो, केबल तीच. १२९ च्या अकरा नोंदी आहेत, आजच्या दोन्ही वेळा अगदी मिनिटागणिक जुळतात. एसएसडीचं सी७ शून्य नाही, ९ आहे.

तांब्याचीतार | रविवार, रात्री १०.००

मग एसएसडी निर्दोष असण्याची शक्यता जास्त. नवी साटा केबल घाला, दोन्ही टोकांना कट्ट असा आवाज येणारी, आणि मदरबोर्डवरचं शेजारचं पोर्ट वापरा. मशीन बंद करून, वीज काढून.

अक्षरवेडा | रविवार, रात्री १०.२०

मग जुनी डिस्कही केबलमुळेच तशी वागत होती का? उगाच बाद केली?

तांब्याचीतार | रविवार, रात्री १०.४०

नाही. चांगला प्रश्न आहे, कारण इथे बरेच जण गोंधळतात. केबलमध्ये बिघडलेला डेटा तपासणीत लगेच पकडला जातो आणि परत पाठवला जातो. त्याने वेळ जातो, सी७ वाढतं, पण तबकडीवरचे सेक्टर खराब होत नाहीत. ४०० बाद आणि ११२ न वाचता येणारे सेक्टर हे डिस्कच्या आतलं दुखणं. या मशीनला दोन आजार एकाच वेळी होते आणि मोठ्याने धाकटा झाकून ठेवला होता.

दूरचादिवा | सोमवार, सकाळी ९.००

त्या तीन फाइलींसाठी मी लिहितो, हे काम मी केलेलं आहे. लिनक्समधलं 'डीडीरेस्क्यू' वापरा. साधी कॉपी खराब जागी अडकून बसते. हे तसं करत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं तेवढं सगळं उचलतं, अडलेल्या जागा टाळून पुढे जातं, आणि त्यांच्याकडे नंतर छोट्या तुकड्यांनी परत येतं. कुठवर आलो याची नोंद 'मॅपफाइल'मध्ये ठेवतं, म्हणून मध्येच थांबवून डिस्क थंड होऊ देता येते आणि तिथूनच पुढे चालू करता येतं. प्रत ठेवायला जुन्या डिस्कहून मोठी आणि कोरी डिस्क घ्या. मॅपफाइल द्यायला विसरू नका. आणि आदेशात आधी कुठून, मग कुठे, हा क्रम तीनदा वाचून मगच एंटर दाबा. उलटा लिहिला तर जुन्या डिस्कवर कोरी डिस्क लिहिली जाईल. रेकॉर्डिंग्ज कुठल्या प्रकारची आहेत?

सांजवारा | सोमवार, सकाळी ९.२०

नावापुढे डब्ल्यूएव्ही आहे.

दूरचादिवा | सोमवार, सकाळी ९.३५

हे तुमच्या बाजूने आहे. त्यात आवाज दाबून बसवलेला नसतो, एकामागून एक सरळ लिहिलेला असतो. मधले काही सेक्टर गेले तरी पुढचं-मागचं ऐकू येतं. गेलेल्या जागी शून्यं राहतात, म्हणजे शांतता. एकाच चॅनेलच्या (मोनो) साध्या रेकॉर्डिंगचा सेकंद जेमतेम ८८ केबीचा असतो, म्हणजे एका सेक्टरमागे सेकंदाचा छोटासा अंशच जातो. जुनी डिस्क आधी नव्या केबलने जोडा, मगच सुरू करा.

सांजवारा | बारा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ११.१५

आधी मशीनचं: नवी केबल घातल्यापासून १२९ ची एकही नोंद नाही, सी७ नऊवरच आहे, गोठणं थांबलं.

डीडीरेस्क्यू चार रात्री चालवलं, मध्ये थांबवत, दूरचादिवांनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्या रात्रीतच जवळजवळ सगळं आलं, उरलेल्या तीन रात्री शेवटच्या काही केबींसाठी गेल्या. चौथ्या रात्री डिस्क टकटक वाजायला लागली आणि नंतर ओळखलीच गेली नाही. आईची दोन रेकॉर्डिंग्ज पूर्ण आली. तिसऱ्यात, म्हणजे शेवटच्यात, अकराव्या मिनिटाला चार सेकंद काही ऐकू येत नाही. मग आईचा आवाज परत येतो, वाक्याच्या मधूनच.

सगळ्याच्या आता तीन प्रती आहेत, एक बहिणीच्या घरी.